भुंग्याचं खरं नाव

पुणे,
रविवार, दुपार

प्रिय वश्या,

दिवाळीतल्या तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, संक्रांतीला फोनवर "नंतर करतो" म्हणालो, आणि तो नंतर आज उजाडतोय. शिव्या आत्ताच घालून घे, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. तब्येत बरी आहे. शुगर गोळ्यांना जुमानत नाही आणि मी शुगरला. सुमनची तक्रार एवढीच, की मी दिवसभर घरात असतो.

लिहायला बसलो ते भुंग्यामुळे.

तो या महिन्याच्या तीस तारखेला रिटायर होतोय. प्रज्ञाचा फोन आला होता. "काका, सेवापूर्तीचा कार्यक्रम ठेवलाय, तुम्ही दहा मिनिटं बोलायचं." मी म्हटलं, अगं, तुझा बाप जन्मभर फिजिक्स शिकवत आला आणि मी फिजिक्समध्ये त्याचंच पाहून पास झालो. मी काय बोलणार? तर ती म्हणते, "बाबा म्हणाले, माझ्या नावाबद्दल अरुणला बोलू दे. त्याला त्यातलं जास्त माहिती आहे."

आता सांग, या वाक्याचा अर्थ काय घ्यायचा? साधाच? की सत्तेचाळीस वर्षं जपून ठेवलेली आणि आता अलगद हातावर ठेवलेली गोष्ट? भुंग्या सरळ माणूस. पण सरळ माणसंच असं काहीतरी बोलून जातात, की आपण रात्रभर कूस बदलत राहतो. माझ्या तीन रात्री गेल्या.

आठवीच्या संस्कृतच्या पहिल्या तासावरून आपण किती भांडलोय. तू म्हणतोस पहिला मी ओरडलो, मी म्हणतो तू. चल, आज लिहून देतो: मीच. 'रामौ' सरांनी हजेरी घेताना मान वर केली, "मिलिंद, अर्थ ठाऊक आहे का रे नावाचा? मिलिंद म्हणजे भ्रमर, भुंगा," असं म्हणाले, आणि मागच्या बाकावरून "ए भुंग्या" ही आरोळी माझी. पण लगोलग गुंगुं करणारा तू, हे तूही लिहून दे. तो उठून उभा राहिला होता. "सर, माझ्या वडलांनी राजाचं नाव ठेवलंय." सर म्हणाले, "कुठल्या राजाचं? बस खाली." आणि वर्ग हसला. त्या दिवसापासून तो भुंग्या. त्याच्या लग्नातही आपण त्याला भुंग्याच म्हणत होतो. त्याच्या सासऱ्यांचा चेहरा आठवतो ना?

गंमत म्हणजे सर चुकले नव्हते. संस्कृत कोशात मिलिंदचा अर्थ भुंगा असाच आहे. पण दादांनी पोराचं नाव कोशातून काढलं नव्हतं. ते औरंगाबादच्या (आता संभाजीनगर म्हणायचं, पण 1977 मधलं सांगताना जीभ वळत नाही) मिलिंद महाविद्यालयात शिकलेले. बाबासाहेबांनी 1950 मध्ये तिथे कॉलेज सुरू केलं, त्याला मिलिंद नाव दिलं आणि परिसराला नागसेनवन. दादा तिथल्या अगदी सुरुवातीच्या पोरांपैकी. राजा म्हणजे हा मिलिंद, आणि तो होता ग्रीक. मूळ नाव मेनान्द्रोस. इंग्रजी पुस्तकांतून आपल्याकडे मिनँडर होऊन आलेला.

म्हणून गेले पंधरा दिवस मी वाचतोय. तू हसशील. बँकेत असताना सर्क्युलरसुद्धा न वाचणारा माणूस.

ग्रीक भाषेत नावं जोडून करतात, आपल्या समासासारखी. 'मेनो' म्हणजे थांबणं, टिकून राहणं, जागा न सोडणं. 'आन्द्रोस' म्हणजे पुरुषाचा. अलेक्झांडरच्या शेपटीला जो आहे तोच हा. मेनान्द्रोस म्हणजे पाय रोवून उभा राहणारा माणूस. हे वाचलं तेव्हा मला कोण आठवलं ते पुढे लिहितो. आधी बाकीचे मिनँडर उरकतो, कारण ते सगळे भाषणात घालायचा मोह होतोय आणि तू मला आवरायचं आहेस.

सगळ्यात मोठा मिनँडर अथेन्सचा, नाटककार. इसवी सनापूर्वी 342 च्या आसपासचा जन्म. शंभराहून जास्त नाटकं लिहिली आणि बक्षिसं मिळाली फक्त आठ. त्याला फिलेमोन नावाचा एकजण सारखा हरवायचा. एकदा वाटेत भेटल्यावर यानं त्याला विचारलं म्हणे, "खरं सांग फिलेमोन, मला हरवताना तुला लाज नाही वाटत?" वश्या, नववीच्या वक्तृत्व स्पर्धेची ढाल घेऊन तू माझ्या दारावरून सायकलच्या तीन फेऱ्या मारल्यास, तेव्हा मला हेच विचारायचं होतं. शब्द सुचले नाहीत.

त्याची नाटकं पुढे हरवली. रोमच्या नाटककारांनी त्याच्यावरून आपली रचली, लोक त्याची सुटी वाक्यं पाठ करत राहिले, पण अख्खं नाटक कुणाच्या हाती नाही. 1905 मध्ये इजिप्तमध्ये एका वकिलाची जुनी कागदपत्रं सापडली, आणि ती झाकायला वापरलेली पानं निघाली याच्या नाटकांची. आपण रद्दीचा कागद बरणीवर घालतो ना, तसं. मग 1958 मध्ये एक जवळपास पूर्ण नाटक पपायरसवरून छापलं गेलं. नाव 'डिस्कोलोस', म्हणजे तुसडा. एक म्हातारा शेतकरी, कुणी बांधावर आलं तरी ढेकळं मारणारा, कुणाशी बोलायला नको, कुणाचं काही घ्यायला नको. शेवटी विहिरीत पडतो, आणि ज्या सावत्र पोराला कधी जवळ केलं नाही तोच त्याला वर काढतो. मी वाचत होतो आणि डोळ्यांसमोर तुझा नाशिकचा मळा, तू आणि तो बिचारा द्राक्षांचा व्यापारी. विहिरीला कठडा बांधून घे.

सेंट पॉलच्या पत्रात वाईट संगतीनं चांगलं वळण बिघडतं असं एक वाक्य आहे, तेही याच मिनँडरचं समजतात. माझ्या आईनं तुझ्याबद्दल काढलेले उद्गार बायबलच्या तोडीचे होते म्हणायचे. पाँपेईत एका मोठ्या वाड्याच्या भिंतीवर त्याचं चित्र सापडलं, म्हणून त्या वाड्यालाच मिनँडरचं घर म्हणतात. 1930 मध्ये तिथून 118 चांदीच्या वस्तू निघाल्या, हे वहिनींना सांग. अथेन्समध्ये ओमोनिया चौकाजवळ आजही त्याच्या नावाचा रस्ता आहे. आणखी एक मिनँडर बायझंटाइन इतिहासकार, सहाव्या शतकातला. तो स्वतःच लिहून ठेवतो, की कायदा शिकलो पण वकिली केली नाही, घोड्यांच्या शर्यतींत वेळ घालवला. तुझ्या धाकट्याला हा दाखला उपयोगी पडेल. (त्याची बदली झाली का? आणि वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन कधी? कळव.)

आता मजा ऐक. आणखी एक मिनँडर, लाओडिकिया गावचा, तिसऱ्या शतकातला. त्याच्या नावावर दोन ग्रंथ आहेत आणि विषय काय, तर समारंभात भाषण कसं करावं! लग्नातलं कसं, वाढदिवसाचं कसं, निरोपाचं कसं, मयताचं कसं. मी म्हटलं देव पावला. मिनँडरवर बोलायला मिनँडरचीच गाईड. क्रमही दिलाय: आधी गाव, मग घराणं, जन्म, स्वभाव, मग कर्तृत्व. राजाच्या स्तुतीच्या प्रकरणात तो सांगतो, गाव नावाजलेलं नसेल तर ते सोडून द्या. घराणं साधं असेल तर तेही सोडा आणि थेट माणसापासून सुरुवात करा.

इथे मी पुस्तक मिटलं. गाव सोडून देऊ? पैठण? आणि घराणं सोडू म्हणजे दादांना सोडू? मग नाव कुणी ठेवलं ते कसं सांगायचं?

आता राजा. हा इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला, काबूलपासून पंजाबपर्यंत राज्य, राजधानी सागल, म्हणजे आजचं सियालकोट. अलेक्झांडरपेक्षा जास्त मुलूख जिंकला असं ग्रीकांनीच त्याच्याबद्दल लिहून ठेवलंय. पण मला तो भेटला तो लढाईत नाही, गेल्या वर्षी नाण्यांच्या एका प्रदर्शनात. टेबलामागच्या गृहस्थांनी चिमट्यानं नाणं उचलून भिंगाखाली धरलं. चांदीचं, जुन्या पावलीएवढं, वजनही तेवढंच, अडीच ग्रॅमच्या आत-बाहेर. एका अंगाला तरुण माणसाचा चेहरा, केसांना फीत बांधलेली, तिची टोकं मानेवर. कडेनं ग्रीक अक्षरं: बासिलेओस सोतेरोस मेनान्द्रू. राजा, तारणहार, मेनान्द्रोस याचं. गृहस्थांनी नाणं उलटं केलं. अथेना देवी, एका हातात ढाल, दुसऱ्या हातात वज्र फेकायच्या तयारीत. आणि कडेनं खरोष्ठीत, उजवीकडून डावीकडे: महारजस त्रतरस मेनंद्रस. मला ना ती लिपी येते ना ही. पण ते वाचून दाखवत गेले आणि 'मेनंद्रस' कानावर पडल्यावर अंगावर काटा आला. ग्रीक माणसाचं नाव आपल्या षष्ठीत चालवलेलं! तिथून पालीत येईपर्यंत मिलिंद. क्षेमेंद्राच्या संस्कृत ग्रंथात तो मिलिंद्र आहे. एकटाच नाही बदललेला, त्याचे सरदारही बघ: डिमिट्रिअसचा देवमंतिय, अँटिओकसचा अनंतकाय. अनंतकाय! आपल्या गल्लीत राहत असल्यासारखा.

आणि उलटंही झालंय. तुझ्या नाशिकच्या पांडवलेण्यांत, सतरा नंबरच्या लेण्यात, दान देणारा उत्तरेकडचा यवन, म्हणजे ग्रीक, आहे आणि त्याचं नाव काय, तर इंद्राग्निदत्त, धम्मदेवाचा मुलगा. तीस वर्षं तिथे राहून तू ते लेणं पाहिलं नसणार, पैज.

पैठणचाही धागा आहे, ताणून आणलेला नाही. एका ग्रीक व्यापारी प्रवासवर्णनात भडोचच्या बंदराची हकीकत आहे, पहिल्या शतकातली. तो लिहितो, इथे अजून मिनँडरची जुनी नाणी चालतात. राजा जाऊन दोनशे वर्षं झाली तरी! आणि त्याच हकीकतीत, भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण. आपलं. तिथून गाड्या भरून माल बंदरावर जायचा. म्हणजे आपल्या गावचा एखादा गाडीवान 'मेनंद्रस' कनवटीला लावून परतला असेल का, असा विचार मी करत बसलो आणि भाताचं पातेलं करपलं.

पण राजाचं नाव टिकलं ते नाण्यांमुळे नाही, प्रश्नांमुळे. 'मिलिंदपञ्ह' म्हणजे मिलिंदाचे प्रश्न. विद्वानांना गप्प करत सुटलेला हा राजा पाचशे यवन घेऊन भिक्खू नागसेनाकडे जातो. पहिला प्रश्न कुठला, ओळख. मला माहीत नव्हता, वाचला आणि पुस्तक हातातून ठेवलं. तो विचारतो, भन्ते, आपलं नाव काय?

नागसेन म्हणतो, लोक मला नागसेन म्हणतात. आईबाप नागसेन ठेवतात, शूरसेन ठेवतात, वीरसेन ठेवतात. पण ते नुसतं बोलवायचं नाव. त्यात माणूस सापडत नाही. राजा चिडतो. मग केस म्हणजे नागसेन का? (आपल्या मिलिंदाच्या बाबतीत हा प्रश्न निकालात निघालाय.) नखं? दात? नाही, नाही. मग नागसेन उलटा विचारतो, महाराज, आलात कसे? रथातून. दांडी म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ? चाकं म्हणजे रथ? राजा म्हणतो, हे सगळं मिळून रथ हे नाव पडतं. तसंच, नागसेन म्हणतो.

फिजिक्सच्या माणसाला हे सांगितलं तर खूश होईल. इथवर भाषण चांगलं होतं. पाच मिनिटं आरामात. मग मी उरलेल्या पाच मिनिटांना बसलो आणि तिथे अडकलोय.

वश्या, रांजण आठवतो?

भुंगा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आपण दोघं वर्गाबाहेर होतो. कशाबद्दल ते तुला आठवेल, शाईचं काहीतरी. व्हरांड्यात, रांजणाशेजारी. दादा आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, सायकलची क्लिप पँटीला तशीच राहिलेली, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक, वरून सुतळी. पाटबंधारे खात्यातून रजा टाकून आले असणार. शिपायाला म्हणाले, संस्कृतच्या सरांना भेटायचंय. शिपायानं त्यांना खालीवर पाहिलं, आत जाऊन आला, "थांबा" म्हणाला. बाक होता. बसा म्हणाला नाही, ते बसले नाहीत. तास संपला. सर बाहेर आले, त्यांच्यासमोरून दुसऱ्या वर्गावर गेले. दादांनी नमस्कारासाठी हात उचलले, पण पुस्तक काखेत असल्यामुळे एकच हात नीट उचलला गेला होता. दुसरा तासही संपला. ऊन व्हरांड्यात आलं होतं. रांजणाच्या झाकणावर पेला पालथा होता आणि दोन तासांत त्यांनी पाणी मागितलं नाही. आपणही दिलं नाही.

मग घड्याळ पाहिलं, सुतळी घट्ट केली, आपल्याकडे आले. "मिलिंदच्या वर्गातले ना?" खिशातून श्रीखंडाच्या गोळ्या काढून दिल्या. "मी आलो होतो हे त्याला सांगू नका, बरं का पोरांनो."

पाय रोवून उभा राहणारा माणूस, असा अर्थ वाचला तेव्हा मला नाटककार आठवला नाही आणि राजाही नाही.

आपण सांगितलं नाही. पुढच्याच पावसाळ्यात, 1978 मध्ये, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायच्या ठरावावरून मराठवाड्यात घरं पेटली, आणि भुंग्याचं बिऱ्हाड एका रात्रीत पैठण सोडून औरंगाबादला गेलं. तेव्हाही आपण पत्र लिहिलं नाही. ते नाव लागायला 1994 ची 14 जानेवारी उजाडली, सोळा वर्षं. त्या संध्याकाळी भुंग्यानं आपल्याला पेढे दिले तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस आणि मी पेढ्याकडे. दादा गेले तेव्हा आपण दोघं गेलो होतो. तेव्हाही नाही. शब्द पाळला असं म्हणायला बरं वाटतं. पण माझ्यापुरतं सांगतो, मी शब्द पाळत नव्हतो. सांगितलं असतं तर "भुंग्या पहिल्यांदा कोण ओरडलं" हेही सांगावं लागलं असतं.

ते पुस्तक कुठलं होतं, तेव्हा आपल्याला कळलं नाही. आता मला वाटतं, मला कळलंय. पण खात्री फक्त दादांना होती.

तर प्रश्न असा. स्टेजवरून हे सांगायचं का? समोर कॉलेजचे लोक, सत्कार, शाल-श्रीफळ, प्रज्ञाच्या सासरची मंडळी, आणि मी उभा राहून त्याच्या बापाला दोन तास उभं केल्याची गोष्ट सांगणार? टाळ्या मिळतील, हीच भीती आहे. माझ्या अपराधावर मलाच टाळ्या. सुमन म्हणते, आदल्या रात्री त्याला गच्चीवर गाठा आणि एकट्यालाच सांगा. पण दादांनी सांगू नका म्हटलं होतं, आणि आता त्यांना विचारायची सोय नाही. आणि तिसरी शंका, जिनं झोप उडवलीय: त्याला ठाऊक असेल तर? दादांनीच कधीतरी सांगितलं असेल, तुझे दोन मित्र होते तिथे, रांजणापाशी. म्हणून तर म्हणाला नसेल, अरुणला त्यातलं जास्त माहिती आहे?

तू म्हणशील, अऱ्या, तू नेहमीच जास्त विचार करतोस. करतो. पण यावेळी तू टाळू नकोस. या गोष्टीचे साक्षीदार दोनच उरलेत आणि दुसरा तू आहेस. तू येणार आहेस का ते आधी सांग. मी 28 ला सकाळच्या गाडीनं निघतोय, नाण्याचा मोठा फोटो फ्रेम करून घेतलाय, दोन्ही बाजू. खाली काय लिहायचं ते सुचत नाही, म्हणून कोरी पट्टी ठेवलीय.

शनिवारपर्यंत फोन कर. व्हॉट्सॲपवर अंगठा पाठवू नकोस.

तुझा,
अरुण

ता. क. गोळ्या मला दोन मिळाल्या होत्या. तू नेहमी म्हणतोस आपल्याला तीन-तीन दिल्या. दोनच होत्या. तिसरी तू माझ्या खिशातून घेतलीस का?